साडेपाचातला अर्धा तास

गेल्या महिन्यात घड्याळ घेतलं. सीको 5 स्पोर्ट्समधलं फील्ड जीएमटी. साखर कारखान्यांची यंत्रं बसवून चालू करून द्यायची, हे माझं काम. वर्षातले चार-पाच महिने मी केनियात, किसुमूच्या ऊसपट्ट्यात असतो. आधीच्या घड्याळाचा चामडी पट्टा वाफेनं कुजला. मनगटावरच्या स्मार्टवॉचला रोज चार्जर लागायचा, आणि साइटवर वीज गेली की सगळंच थांबायचं.

म्हणून सैनिकी वळणाचं घड्याळ शोधत होतो. ठळक आकडे, अंधारात उजळणारे काटे (आपण सवयीनं अजून त्याला रेडियमच म्हणतो), 100 मीटरपर्यंत पाण्याला दाद न देणारी केस. 39.4 मिलिमीटर म्हणजे बाहीत अडकत नाही. पूर्ण चावी दिली की साधारण 41 तास चालतं. दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतं, ते मी रविवारी जुळवतो. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागीच थांबतो. मोहिमेआधी सगळ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद लावता यावीत, म्हणून फौजेला ही सोय हवी असायची.

पट्टा मात्र मी वेगळा घेतला, नायलॉनचा. ब्रिटिश संरक्षण खात्यानं 1973 मध्ये त्याचं प्रमाण ठरवलं. एकच लांब पट्टी दोन्ही पिनांमागून, घड्याळाच्या पोटाखालून जाते. एक पिन तुटली तरी दुसरीवर घड्याळ लटकून राहतं. ऊस गिरणीत नेणाऱ्या गव्हाणीवर वाकून उभं राहिलेल्या माणसालाच याची किंमत कळेल.

पण जीव जडला तो चौथ्या काट्यावर. हा 24 तासांत एक फेरी मारतो आणि दुसऱ्या ठिकाणची वेळ दाखवतो. अडचण एकच. तो तासातासानं उडी मारतो, आणि आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. केनिया तीन तास पुढे. फरक अडीच तासांचा, त्यातला अर्धा काट्याला जमत नाही. मी तो दोन तास पुढे लावलाय, उरलेला अर्धा मनात मिळवतो. दुकानदाराला वाटलं, हे ऐकून मी घड्याळ परत ठेवीन. मला उलट बाबा आठवले.

बाबा किर्लोस्करवाडीला टर्नर होते. त्यांच्या हाताला एचएमटी जनता. शॉर्टवेव्हवर बीबीसी लागलं आणि निवेदकानं जीएमटी वेळ सांगितली, की ते मनगटावरचं घड्याळ काढून उलटं धरायचे. दुपारचे तीन वाजले असतील, तर उलट्या तबकडीवर साडेनऊ दिसायचे. ग्रिनिचची वेळ! साडेपाच तासांच्या फरकामुळेच हे जुळतं. जो अर्धा तास माझ्या काट्याला नडतो, त्याच्याच जोरावर बाबांचं गणित बसायचं.

किसुमूत पहिल्यांदा गेलो, तेव्हा फिटर म्हणाला, ‘सा मोजा’ला भेटू. मोजा म्हणजे एक. मी जेवण उरकून एक वाजता हजर, तिथं कोणी नाही. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे पहिला तास. संध्याकाळी पुन्हा तसंच. तबकडीवर सातच्या बरोबर समोर एकच असतो, हे कळलं आणि मला एकदम बाबांचं उलटं घड्याळ दिसलं.

आता संध्याकाळी ‘सा मोजा’ला मिल हाऊसमधून बाहेर येतो. चौथा काटा 21 वर असतो. त्यात अर्धा तास मिळवायचा. आई पावणेदहाला झोपते, त्याआधी फोन लागला पाहिजे. ती दर वेळी आधी हेच विचारते,

“तिकडं किती वाजले रे?”

“सात.”

“म्हणजे इथं साडेनऊ,” ती घड्याळाकडे न बघताच म्हणते. “बोल आता.”