आवाजाचा स्लायडर अखेर बोटाखाली थांबला

मंडळी, स्लायडर आता मागे उडी मारत नाही. मागच्या नोंदीत जिथे अडकलो होतो ते दुखणं मुळापासून गेलं. लायरियनवर (घरातल्या खोल्याखोल्यांत गाणी पोचवणाऱ्या सर्व्हरवर) स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे गाणी आणि आवाज हाताळणारं ॲप, लिहायला घेणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

मांडणी तीच आहे. सर्व्हर कपाटात, हॉलमध्ये आणि माडीवर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्क्वीझलाइट हा सॉफ्टवेअर प्लेअर, स्वयंपाकघरात जुना स्क्वीझबॉक्स रेडिओ, म्हणजे नेटवर्कवरून गाणी वाजवणारा लॉजिटेकचा प्लेअर. भिंतीवरच्या दहा इंची टॅबलेटवर फ्लटरमध्ये (ॲप बांधायच्या साधनात) लिहिलेलं आपलं ॲप. लॉजिटेकने 2012 मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केले तरी हा रेडिओ ठणठणीत आहे. त्यांचा सर्व्हर लोकांनी जिवंत ठेवला आणि 2024 मध्ये त्याला लायरियन हे नाव मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर दुखणं असं. बोट 30 वरून 45 वर सरकवलं की ॲप मधले सगळे आकडे सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर प्रत्येक बदलाची खबर परत देतो. बोट 45 वर पोचलेलं असताना 35 ची खबर येते, ॲप ती खरी मानतं आणि स्लायडरचा गोळा बोटाखालून निसटून मागे जातो. मग पुढे, पुन्हा मागे. आईने एकदा पाहून सरळ रेडिओचं बटण फिरवायला सुरुवात केली. ज्या पडद्यापेक्षा बटण बरं वाटतं तो पडदा भिंतीवर कशाला हवा?

पहिला उपाय सगळेच करतात: बोट टेकलेलं असेपर्यंत सर्व्हरच्या खबरा कानाआड करायच्या. ऑनचेंजस्टार्टला (बोट टेकताच) खबरांचं दार बंद, ऑनचेंजएंडला (बोट उचलताच) उघडं. पण बोट उचलल्यावर वाटेत रेंगाळलेली खबर येतेच आणि गोळा एक हिसका देतो. म्हणून बोट उचलल्यावरही अर्धा सेकंद दार बंद ठेवलं. हॉलमध्ये झकास चाललं. माडीवर, जिथे वायफाय जेमतेम पोचतं, तिथे खबर अर्ध्या सेकंदानंतरही यायची. वेळ वाढवावी तर दुसरी अडचण: तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणी रेडिओचं बटण फिरवलं तर ती खरी खबरही गळायची आणि पडद्यावर खोटा आकडा राहायचा. वेळेच्या आकड्याशी कितीही खेळा, एक खोली सुधारते आणि दुसरी बिघडते.

शेवटी वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला आणि दोन्ही बाजूंचे लॉग वेळेसकट शेजारी ठेवून वाचले. (अशा कामाला वायरशार्कसारखं हत्यार नाही. फुकट आहे, शिकून घ्याच.) चित्र लख्ख दिसलं. कमांड जात होत्या 9000 पोर्टवरच्या जेसन-आरपीसीने, म्हणजे दर वेळी वेगळी विनंती पाठवून, आणि स्टेटसच्या खबरा येत होत्या कॉमेटडीच्या, म्हणजे सर्व्हरने आपणहून खबर द्यावी म्हणून उघड्या ठेवलेल्या जोडणीवरून. रस्ते दोन, त्यामुळे कोणती खबर कोणत्या कमांडच्या आधीची हे ॲपला कळायला मार्गच नव्हता. उशीर हा रोग नव्हता, क्रम हरवणं हा होता.

म्हणून कमांडसुद्धा कॉमेटडीवरूनच पाठवायला लागलो. आता कमांडचं उत्तर आणि स्टेटसच्या खबरा एकाच रांगेतून येतात. एका वेळी एकच कमांड वाटेत असते. तिचं उत्तर येईपर्यंत बोट कितीही फिरो, फक्त सर्वांत नवा आकडा हातात ठेवायचा आणि मधले टाकून द्यायचे. बोट उचललं आणि शेवटच्या आकड्याचं उत्तर आलं की सर्व्हरला एकदा 'मिक्सर व्हॉल्यूम ?' (आत्ता आवाज किती?) विचारायचं. त्याचं उत्तर येईपर्यंत बाकी खबरा बाद, त्यानंतरच्या सगळ्या खऱ्या. मध्येच कोणी बटण फिरवलं असेल तर त्या उत्तरात बटणाचाच आकडा येतो, आणि तोच बरोबर असतो. घड्याळाचा संबंधच संपला. माडीवर, खोलीचं दार लावून, वायफायची एकच दांडी दिसत असताना तपासलं. गोळा बोटाला चिकटून राहतो. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

बाकी थोडक्यात. सिंक केलेल्या (एकच गाणं एकदम वाजवणाऱ्या) प्लेअरांच्या एकत्र स्लायडरमधून गुणोत्तराने आवाज बदलणं काढून टाकलं, आता सगळ्यांना सारख्याच पायऱ्या चढवतो-उतरवतो. सर्व्हर आवाजाचा आकडा डेसिबलच्या हिशेबाने लावतो, त्यामुळे दोन खोल्यांमधला फरक अशाने कानाला तोच राहतो. खाली शून्यापर्यंत गेल्यावर फरक पुसला जाऊ नये म्हणून ओढायला सुरुवात करतानाचे आकडे जपून ठेवतो. पडद्यावर 'जौनपुरी' या रागाच्या नावाचा वरचा कानामात्रा कापला जात होता, तोही ओळीची उंची वाढवून सुटला. देवनागरीला इंग्रजीच्या मापाची ओळ पुरत नाही, हे डिझाइनच्या पहिल्या दिवशीच धरून चालावं.

रास्पबेरी पायसाठी पॉवर ॲडॉप्टर ऑनलाइन मागवू नका. मला आलेला लोड पडताच व्होल्टेज सोडत होता आणि गाणं तुटत होतं. पाय 3 ला 5.1 व्होल्ट, 2.5 अँपिअरचा अधिकृतच घ्या. मी पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाऊन समोर मीटर लावून घेतला.

पुढच्या नोंदीत शोधाचं पान दाखवणार होतो, पण हे लिहितानाच बेत बदलतोय. आवाजासाठी मी फ्लटरचा स्लाईडओन्ली पर्याय लावलाय: नुसत्या टिचकीने आकडा उडत नाही, बोट जितकं सरकेल तितकाच बदलतो. पुसताना फडकं लागलं म्हणून घर दणाणत नाही. हेच गाण्याच्या वेळपट्टीला का लावू नये? पन्नास मिनिटांचा ख्याल म्हणजे 3000 सेकंद, आणि पट्टी 1280 पिक्सेलची. एका पिक्सेलला सव्वादोन सेकंदांहून जास्त. बोटाची जाडी धरली तर विलंबित संपून द्रुत सुरू होते ती जागा टिचकीने सापडणं अशक्य आहे. बोट पट्टीपासून जितकं वर न्याल तितकी चाल बारीक होईल असं केलं, तर तीन मिनिटांचं भावगीत आणि पन्नास मिनिटांचा यमन एकाच पट्टीवर नीट बसतील. 'टाइम' कमांडला अधिक-उणे सेकंद चालतात, म्हणजे सर्व्हरकडून अडचण नाही. शोधाचं पान थांबू दे, आधी हे करतो.

कोणाकडे स्क्वीझबॉक्स बूम (स्पीकरसकट येणारा प्लेअर) चालू स्थितीत असेल तर एकत्र स्लायडर त्यावर तपासून द्याल का? त्याची आवाजाची चढण वेगळी आहे, आणि माझ्या सारख्या पायऱ्या तिथे कानाला सारख्या वाटतात का ते मला हवंय.