‘इन्व्हिन्सिबल शील्ड’: सहा आठवडे कानात

मामेभावाने मला जूडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या ‘पेनकिलर’ या अल्बमची कॅसेट भरून दिली तेव्हा मी अकरावीत होतो. लेबलवर त्याच्या तिरक्या अक्षरात ‘जूडास प्रीस्ट’ असं लिहिलेलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. आमच्या टेपरेकॉर्डरच्या मोटरला मागे एक बारीक भोक होतं. त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता यायचा आणि मी तो कधीतरी फिरवून ठेवला होता. त्यामुळे चार-पाच वर्षं मी हा अल्बम अर्धा सूर वर ऐकला. सहा मिनिटांचं गाणं माझ्याकडे वीसेक सेकंद आधीच संपायचं. पुढे सीडी हातात आली, ती लावली, आणि मला वाटलं, यांनी पुन्हा रेकॉर्ड केलंय की काय, इतकं संथ का? मामेभाऊ ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगतो.

हे आठवायचं कारण म्हणजे ८ मार्च २०२४ ला आलेला त्यांचा अल्बम, ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’. एकोणिसावा. बँड १९६९ मधला, बर्मिंगहॅमच्या बाजूचा. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचा, गिटारवादक ग्लेन टिप्टन शहात्तर. पहिल्यांदा ऐकताना मी मनाशी सवलतीचे मार्क काढून ठेवले होते. वयाच्या मानाने बरंय, आवाज अजून शाबूत आहे, वगैरे. दुसऱ्या गाण्यापर्यंत ते मार्क परत घ्यावे लागले. ‘द सर्पंट अँड द किंग’मध्ये हॅलफर्ड तार सप्तकात जे काही करतो ते ऐकून मी खरंच उठून प्लेअरचा वेग तपासला. जुनी सवय.

पण या अल्बमवर लिहावंसं वाटलं ते हॅलफर्डसाठी नाही. टिप्टनसाठी.

टिप्टनला पार्किन्सन्स आहे. बँडने ते २०१८ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, ‘फायरपॉवर’ हा आधीचा अल्बम यायच्या आधी महिनाभर. निदान त्याच्याही दहा वर्षं आधीचं होतं. म्हणजे मधल्या काळातल्या अल्बमांवर आणि दौऱ्यांत तो माणूस हे घेऊन वाजवत होता आणि आपण इकडे बसून ‘पूर्वीसारखा सोलो नाही राहिला’ असली अक्कल पाजळत होतो. मीही पाजळली आहे. २०१८ नंतर दौऱ्यावर त्याच्या जागी अँडी स्नीप उभा राहतो. तोच या अल्बमचा निर्माता. म्हणजे जो माणूस स्टेजवर टिप्टनची जागा सांभाळतो, त्याच्याच हातात स्टुडिओत टिप्टनच्या रिफची, म्हणजे गिटारीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीची, मांडणी आहे. मुख्य अकराही गाण्यांच्या श्रेयात हॅलफर्ड आणि दुसरा गिटारवादक रिची फॉकनर यांच्यासोबत टिप्टनचं नाव आहेच.

फॉकनरची तऱ्हा वेगळी. बँडचा ‘ब्रिटिश स्टील’ हा अल्बम ज्या वर्षी आला त्याच वर्षी, १९८० मध्ये, त्याचा जन्म. २०११ मध्ये जुना गिटारवादक के. के. डाउनिंग बँड सोडून गेल्यावर तो आला. २६ सप्टेंबर २०२१ ला अमेरिकेत लुइव्हिलच्या महोत्सवात ‘पेनकिलर’ वाजवताना त्याची महाधमनी फाटली. गडी गाणं पूर्ण करून खाली उतरला. शस्त्रक्रिया दहा तासांहून जास्त चालली. तेव्हा ‘शील्ड’ या शब्दाकडे मी जरा सहानुभूतीने बघतो. नाहीतर ढाली, साप, राजे, नरकाची दारं या सामानाला मी एरवी हसलो असतो. (हसलोही. ‘गेट्स ऑफ हेल’ या नावाचं गाणं एव्हाना किती बँडनी केलं असेल?)

आता आवाजाबद्दल. ‘पॅनिक अटॅक’ सुरू होतं ते सिंथेसायझरसारख्या गिटारीने. त्यांच्या १९८६ च्या ‘टर्बो’ अल्बमवर हाच गिटार-सिंथचा रंग होता आणि त्यासाठी तेव्हा त्यांना भरपूर शिव्या बसल्या होत्या. अडतीस वर्षांनी तोच रंग घेऊन अल्बम उघडणं म्हणजे डोळा मारणंच झालं. मग ड्रम येतात आणि रिफ धावायला लागते. इंटरनेटवरच्या आरडाओरड्याबद्दल गाणं आहे. माझ्या मुलीला ते लगेच कळलं. शब्द वाचून म्हणाली, “बाबा, आजोबांच्या वयाची माणसं आहेत ना ही? यांना बरं माहीत सगळं!” आणि हेडफोन परत देऊन गेली. तिच्या लेखी विषय संपला.

माझा अडकला तो शीर्षकगीतावर. सव्वासहा मिनिटांचं आहे. त्यातली रिफ मी वेग सत्तर टक्क्यांवर आणून बसवतोय. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारीच्या धडावर टेकतात तिथे, तारांवर टेकवायची आणि तार पूर्ण वाजू न देता नुसती ठोकायची. हे पाम म्यूट. तळहात दोन मिलिमीटर पुढे सरकला की नुसता ठक-ठक आवाज, मागे सरकला की तार मोकळी सुटून सगळी घाण. आणि हे त्या वेगात सहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला माझं मनगट जड होतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, बरा आहे, दिवसाकाठी सात तास माउस हलवण्यापलीकडे हाताला काम नाही. तो हात झटकत बसलेला असतानाच टिप्टन डोक्यात येतो. थरथरणाऱ्या हाताला या दोन मिलिमीटरचा हिशोब ठेवायला लावणं म्हणजे काय, हे मला कोणत्याही मुलाखतीपेक्षा त्या रिफने जास्त सांगितलं.

आणि दोन गिटारी. ही या बँडची खरी ओळख. एक षड्ज धरते तेव्हा दुसरी गंधारावर असते, आणि दोघी त्याच अंतराने हातात हात घालून चढतात, उतरतात. जानेवारी २०२२ मध्ये बँडने जाहीर केलं होतं की यापुढे दौऱ्यावर चौघंच, गिटार एकच. चाहते इतके भडकले की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. मला तेव्हा तो कांगावा वाटला होता. आता शीर्षकगीताच्या मधल्या भागात दोन गिटारी एकत्र वर जातात तेव्हा वाटतं, भडकले ते बरंच केलं. एका गिटारीने ते वाजवता येईल, पण ते गाणं नाही राहणार.

तक्रार आहेच. स्नीपचं काम फार चकाचक आहे. तो स्वतः सबॅट नावाच्या थ्रॅश, म्हणजे सुसाट मेटल वाजवणाऱ्या, बँडचा गिटारवाला. मेगाडेथ, एक्सोडस, ॲक्सेप्ट, सॅक्सन अशा अनेकांचे अल्बम त्याच्या हाताखालून गेलेत. कान पक्का आहे. पण इथे स्कॉट ट्रॅव्हिसच्या बेस ड्रमचा दर ठोका एकाच साच्यातून काढल्यासारखा येतो. १९९० मध्ये याच ट्रॅव्हिसने ‘पेनकिलर’च्या सुरुवातीला जे ड्रम वाजवले त्यात खोलीचा अंदाज येत होता, काठी कुठे जोरात पडली, कुठे हलकी, ते कळत होतं. आणि इयन हिल! आज बँडमध्ये असलेल्यांत सगळ्यात जुना माणूस, आणि त्याचा बेस गिटारींच्या भिंतीखाली असा दबलाय की शोधावा लागतो. हेडफोनवर कसाबसा सापडतो, गाडीत नाही.

या चकचकीतपणाशी तुलना करायला मी ‘ब्रिटिश स्टील’ पुन्हा ऐकला. निर्माता टॉम अ‍ॅलमने तो १९८० च्या सुरुवातीला टिटनहर्स्ट पार्कमध्ये, म्हणजे तेव्हा रिंगो स्टारच्या असलेल्या घरात रेकॉर्ड केला. सॅम्पलर हाताशी नव्हते. ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये काच फुटते ती दारात आलेल्या दुधाच्या बाटल्यांची. ‘मेटल गॉड्स’मध्ये रोबोंच्या लोखंडी पावलांचा आवाज आहे तो काटे-चमच्यांचा ट्रे हलवून काढलेला. आता माहीत असल्यामुळे मला तिथे रोबो दिसतच नाहीत, स्वयंपाकघराचा ड्रॉवर दिसतो. पण त्या आवाजाभोवती हवा आहे. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’मध्ये अशी हवा फार ठिकाणी नाही.

आहे ती दोन-तीन जागी. ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’मध्ये लय उतरते आणि हॅलफर्ड मधल्या सप्तकात गातो, अगदी साधा, किंकाळी नाही काही नाही. हा आवाज मला त्याच्या वरच्या सुरापेक्षा आता जास्त आवडतो. त्यात वय ऐकू येतं आणि ते लपवायची घाई नाही. ‘एस्केप फ्रॉम रिॲलिटी’ही संथ, जड, त्याच बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडच्या वाटेला जाणारं. शेवटचं ‘जायंट्स इन द स्काय’ रॉनी जेम्स डिओ आणि लेमी या गेलेल्या दोन रॉक गायकांसाठी. त्यात मध्येच सगळा गदारोळ थांबतो आणि साधी अकूस्टिक गिटार येते. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं दुसरं काही चुकून लागलं.

‘डेव्हिल इन डिस्गाइज’ आणि ‘सन्स ऑफ थंडर’बद्दल विशेष काही नाही. वाजतात, जातात.

मामेभावाला पहिल्याच आठवड्यात लिंक पाठवली होती. तो १९९० च्या पुढे जायला तयार नसतो. हा अल्बम इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला हे सांगितलं तर म्हणाला, “याद्या काय रे, कुणीही करतं.” मी म्हटलं, बाकीचं सोड, फक्त ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ ऐक, शांत बसून. पाच आठवडे काही उत्तर नाही. परवा रात्री साडेअकराला मेसेज आला, “ऐकलं. तुझ्याकडे वेग बरोबर आहे ना?”

मी शीर्षकगीताच्या रिफवर पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत आलोय. मनगट अजून चौथ्याच मिनिटाला दगा देतं.