वसईच्या एका गावचर्चमध्ये, बुधवार ते रविवार

पहिल्याच संध्याकाळी मी चप्पल पायरीवर काढून चर्चमध्ये गेले. बाहेर आले तर पायरी रिकामी. एक आजोबा माझी चप्पल हातात घेऊन ऑफिसच्या खिडकीकडे निघालेले, कुणाची तरी राहिली म्हणून. एवढ्या माणसांत अनवाणी शिरलेली मी एकटीच होते. तर पहिली सूचना हीच: इथे चप्पल-बूट घालूनच आत जायचं असतं. आमच्यासारख्यांचे पाय दारात आपोआप थबकतात, त्याला इलाज नाही.

मी गेले होते २०२५ च्या मार्चमध्ये, २६ तारखेच्या बुधवारी. पुण्यात माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण वसईची, तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातली. निर्मळ आणि नंदाखालच्या पट्ट्यात तिचं गाव. (गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, घरच्यांना संकोच वाटतो.) आई-वडील, भाऊ आणि आजी अजून वाडीत राहतात. वाडी म्हणजे सोनचाफा, मोगरा, थोडी केळी, विहीर. "चर्च बघायचं असेल तर रविवारी ये," असं मला बाकी सगळ्यांनी सांगितलं होतं. मैत्रीण म्हणाली, "रविवारी फक्त गर्दी दिसेल. बुधवारी ये." तिचं ऐकलं ते बरं झालं.

जायचं कसं, ते आधी सांगते. दादरहून विरार लोकल, नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला बाहेर पडायचं. तिथून निर्मळच्या बाजूला बस आणि शेअर रिक्षा मिळतात. संध्याकाळी सहा-सातला विरार लोकलमध्ये सामान घेऊन चढायचं धाडस सवय नसलेल्यांनी करू नये. मी केलं, आणि उतरताना पिशवीचा बंद डब्यात राहिला. रविवारी पश्चिम रेल्वेवर बऱ्याचदा जम्बो ब्लॉक असतो, तो आधी बघून घ्या. या गावांत लॉज नाहीत. ओळखीचं घर नसेल तर राजोडी, कळंब किंवा अर्नाळ्याच्या समुद्राकडची रिसॉर्टं, पण ती शनिवार-रविवारी भरलेली आणि गोंगाटाची. मधल्या वारी जाण्याचं हे आणखी एक कारण.

बुधवारी संध्याकाळी नोव्हेना, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होती. आत शिरल्यावर पहिल्यांदा काय खटकलं ते मला लगेच उमगलं नाही. चर्च स्वच्छ, पंखे गरगरताहेत, बाकांवर बायका. काहीतरी कमी होतं. घरी येताना विचारलं तेव्हा काकू, म्हणजे मैत्रिणीची आई, म्हणाल्या, "फुलं. उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात."

म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत. त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला आला होता. या काळात फादरांचा झगा जांभळा, 'आलेलूया' म्हणायचं नाही आणि वेदी उघडी. सणाचा दिवस मध्ये आला तर तेवढी सूट. आदल्याच दिवशी, २५ मार्चला, मारियेला देवदूताचा संदेश मिळाल्याचा सण झाला होता, तेव्हा फुलं होती. बुधवारी पुन्हा काढून टाकलेली. ज्या गावाची फुलं रोज पहाटे दादरला जातात, त्या गावाची वेदी चाळीस दिवस ओकीबोकी! मला हे कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त कळलं.

गुरुवारी पहाटे तीनला मी उठले. हौस माझीच, कोणी उठवलं नव्हतं. मोगऱ्याची कळी उमलायच्या आत खुडायची असते, आणि सोनचाफाही उजाडायच्या आधी. मैत्रिणीचा भाऊ आणि काकू डोक्याला बॅटरी बांधून झाडांत शिरलेले. काकूंचा हात कळीपाशी जातो, अंगठ्याने देठ मोडतो आणि कळी तळहातातच राहते. दहा-बारा जमल्या की मग मूठ पिशवीत रिकामी होते. मला जमलं नाही. माझ्या कळ्या देठासकट फांदी घेऊन येत होत्या. "तू बॅटरी धर," असं काकूंनी शेवटी सांगितलं, रागावून नाही, पण ठाम. पाचच्या आत भाऊ गाठोडी घेऊन स्टेशनकडे निघाला. लगेजच्या डब्यात जागा मिळवायची असते.

काकूंनी आंघोळ केली, साडी बदलली, आणि साडेसहाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आम्ही बाकावर. रोजची मिस्सा अर्ध्या तासात आटोपते. माणसं तीस-चाळीस, बहुतेक पन्नाशीपुढची, आणि निम्म्यांच्या बोटांना फुलांचा वास. सुरुवातीला फादर वाचतात ती नावं लक्ष देऊन ऐका: आजची मिस्सा कुणाच्या नावे आहे. मासिक स्मृती, वर्षश्राद्धासारखी वर्षाची आठवण, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाची परीक्षा. पाच नावं ऐकली की गावात या आठवड्यात काय चाललंय ते कळतं.

मिस्सा मराठीत होते, छान शुद्ध मराठीत. घरात मात्र कादोडी बोलतात, सामवेदींची बोली, जिच्यातलं मला तिसऱ्या दिवशी जेमतेम कळायला लागलं. आजी लाल लुगडं नेसतात. त्या तरुण होत्या तोवर मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि फादर वेदीकडे तोंड करून उभे राहायचे. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आली. आजींना विचारलं, तेव्हा कळायचं का काही? म्हणाल्या, "कळायचं नाही, पण पाठ होतं. आता कळतं, पण पाठ राहत नाही."

कधी उठायचं, कधी बसायचं, याची धास्ती नवख्यांना असते. पुढच्या माणसाकडे बघून करा, तेवढं पुरतं. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. शांती देण्याच्या वेळी आजूबाजूच्यांकडे वळून नमस्कार करतात, तो मात्र जरूर करा. आणि कम्युनियनला, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात तेव्हा, रांग लागते तिथे उठू नका. तो प्रसाद नाही. बाप्तिस्मा झालेल्या, तयारी करून पहिलं कम्युनियन घेतलेल्या कॅथलिकांनाच तो घेता येतो, आणि तेही आधी तासभर काही खाल्लेलं नसेल तर. आपल्याकडे देवळात हात पुढे करायची सवय इतकी मुरलेली असते की पाय रांगेकडे वळतातच. मी म्हणून पहिल्या दिवसापासून बाकाच्या मध्ये न बसता मागच्या बाकाच्या कडेला बसत गेले. मध्ये बसलात तर सगळी ओळ तुमच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडते.

मिस्सा चालू असताना फोटो काढू नका. नंतर विचारून काढा, सहसा हो म्हणतात.

शुक्रवारी घरात मांस नव्हतं. वालाचं बिरडं आणि भाकरी होती. संध्याकाळी क्रूसाची वाट. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं, चर्चच्या दोन्ही भिंतींवर सातसात चित्रं. क्रूस घेतलेला एक मुलगा, मेणबत्त्या घेतलेली दोघं, फादर आणि मागे लोक, असं एकेका चित्रापाशी थांबत पुढे जायचं. प्रत्येक स्थानाची प्रार्थना वेगळ्या आळीच्या माणसाने वाचायची. आपल्या आळीची पाळी नवव्या स्थानाची, हे काकूंना सकाळपासून डोक्यात होतं. तिथे येशू तिसऱ्यांदा पडतो. चष्मा घरी राहिल्याचं त्यांच्या सातव्या स्थानाला लक्षात आलं, आणि आठव्यापर्यंत माझा चष्मा त्यांच्या नाकावर. नंबर वेगळा होता, पण त्यांनी वाचून काढलं. मला पुढची पाच स्थानं धूसर दिसली.

चर्च ऑफिसही बघण्यासारखं आहे, काम असेल तरच जा. शनिवारी सकाळी मैत्रिणीच्या चुलतबहिणीला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, लग्नासाठी. दाखला तर लहानपणीच काढलेला होता, पण तो चालत नाही. नवाच लागतो, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढच्या गोष्टी लिहिल्या जातात: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न. म्हणजे या मुलीचं आधी कुठे लग्न झालेलं नाही, हे त्या कोऱ्या समासावरून ठरतं. एकाच ओळीसमोर माणसाचं आयुष्य जमत जातं. आणि लग्न ठरलं की रविवारच्या मिस्सेत नावं वाचली जातात, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर फादरांना सांगावं म्हणून. उपवासकाळात लग्नं सहसा लावत नाहीत. ही तारीख ईस्टरनंतरची होती, तरी आतापासून धावपळ.

इतिहासाचं थोडक्यात. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ मध्ये आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. किल्ल्यातली भव्य चर्चं आज भग्न आहेत. गावातली चर्चं मात्र घंटा वाजवत राहिली. जपानमध्ये नागासाकीला १५९७ मध्ये क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचेच, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे. पुढे १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, मुख्य चर्च पापडीला. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर दिब्रिटो नंदाखालचे. एका दुपारी किल्ला, गास, पापडी असं उरकता येतं, पण रिक्षा दिवसभरासाठीच ठरवा.

आता शनिवार-रविवार. त्या वर्षी गुढीपाडवा आला ३० मार्चला, रविवारी. फुलवाल्यांसाठी वर्षातल्या मोठ्या दिवसांपैकी एक. शुक्रवारपासूनच घरात फोन वाजत होता आणि शनिवारी रात्री तर कुणी झोपणारच नव्हतं. मग रविवारची मिस्सा? कॅथलिकांना रविवारची मिस्सा चुकवता येत नाही. पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, वाचनंही रविवारचीच. भाऊ तिला गेला, मीही त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. सकाळी गर्दी टाळायची असेल तर तुम्हीही शनिवारी जा. सहाच्या आधी पोहोचा. वेळ गावागणिक बदलते, म्हणून दारातला फलक आदल्या दिवशी वाचून ठेवा.

शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं वाचन, उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं होतं. धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो आणि मेजवानी करतो. थोरला शेतावरून येतो आणि रुसून बाहेरच उभा राहतो. फादर बापाच्या क्षमेवर बोलले, चांगलं बोलले. परत येताना भाऊ बराच वेळ गप्प होता. वाडीच्या वळणावर म्हणाला, "पण एवढी मेजवानी झाली, त्या दिवशी वाडीला पाणी कोणी सोडलं, ते कुणीच विचारत नाही." त्याची बहीण पुण्यात नोकरीला, तो इथे. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

रात्री दोनला सगळी वाडी बॅटऱ्यांनी चमकत होती. शेजारच्या वाड्यांतही तेच. या वेळी मला कळ्या मोजायला बसवलं. काकूंनी निघणाऱ्या गाठोड्यांतून एक टोपली बाजूला काढली. भाऊ म्हणाला, आज? आज भाव बघितलास? काकू म्हणाल्या, "आजच."

उपवासकाळाचा चौथा रविवार वेगळा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ईस्टर जवळ आला म्हणून त्या एका रविवारी आनंद करायचा, वेदीवर फुलं ठेवायची. आठच्या मिस्सेला आम्ही सातलाच पोहोचलो. काकू आणि आणखी तिघी वेदीपाशी बसल्या. आपापल्या वाडीतून आणलेली फुलं कुणीच मोजली नाहीत. मोगरा पितळी भांड्यांत, सोनचाफा खाली रांगेने. भराभर, फार सजावट न करता. चर्च भरेपर्यंत वास मागच्या दारापर्यंत आला होता. फादर बाहेर आले ते गुलाबी झग्यात. गुलाबी झगा वर्षातून दोनदाच दिसतो, म्हणून पुढच्या बाकावरची पोरं हसली, आणि धर्मशिक्षणाच्या बाईंनी मागे वळून डोळे वटारले.

गाव सोडताना घरोघरी चहा घ्यावा लागतो, त्यासाठी तास-दीड तास जास्तीचा ठेवा. मी ठेवला नव्हता, म्हणून ठरलेली गाडी चुकली. स्टेशनवर भाऊ दादरहून परतताना भेटला, रिकामी गाठोडी काखेत, डोळे लाल. म्हणाला, सगळं संपलं, अकराच्या आत. मग माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. काकूंनी केळी दिली होती. "आमचं मांसाचं इंद्याल खाल्लं नाहीस अजून," तो म्हणाला. "ईस्टर झाला की ये. बुधवारीच ये."