पाच इंची मॉनिटरला सबवूफर जोडताना: जागा आधी, नॉब शेवटी

खोली ४.२ मीटर लांब, ३.१ रुंद, २.८ उंच. मॉनिटर (मिक्स ऐकण्याचे स्पीकर) ५ इंची, कागदावर ५० हर्ट्झपर्यंत उतरणारे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की मूळ सूर ४१ हर्ट्झचा. तो ऐकूच येत नव्हता, कानावर पडत होते फक्त त्याचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले सूर. मिक्समध्ये खर्ज अंदाजाने वाढवला जायचा आणि दुसरीकडे वाजवलं की सगळं गुरगुरायचं. म्हणून ८ इंची सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर आणला.

सब जोडण्याआधी खुर्चीची जागा ठरवली. ध्वनीचा सेकंदाला ३४३ मीटर हा वेग घ्यायचा आणि खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे ८.४ ने भागायचं: उत्तर ४१ हर्ट्झ. हा खोलीचा स्वतःचा पहिला सूर. लांबीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ गायब होतो, मागच्या भिंतीला टेकून बसलं की फुगतो. नेमका बेस गिटारचाच सूर सापडावा, हेही आलंच! समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे १.६ मीटरवर खुर्ची ठेवली. हा आकडा काही मंत्र नव्हे, मोजणी सुरू करायला बरा. मापं घेता घेता खुर्ची १५ सेंटीमीटर पुढे आली.

सबची जागा मात्र उलटी शोधायची. सब खुर्चीवर ठेवायचा आणि माइक जमिनीवर फिरवायचा. ऐकणारा आणि वाजणारा यांची अदलाबदल केली तरी माप तेच येतं, म्हणून हे चालतं. मोजणीचा माइक, त्याची कॅलिब्रेशन फाइल आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर, एवढं पुरे. भिंतीलगत सात ठिकाणी २० ते २०० हर्ट्झचे स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घेतले, प्रत्येकाचा आलेख मिळतो. इथे स्मूदिंग, म्हणजे आलेखाची रेष गुळगुळीत करणं, बंद ठेवा. एक तृतीयांश सप्तकाचं स्मूदिंग लावलं की अरुंद पण खोल खड्डेही गुळगुळीत दिसतात. कोपऱ्यात आवाज सर्वांत जास्त आला आणि ४१ चा उंचवटाही. डाव्या भिंतीलगत, समोरच्या भिंतीपासून १.१ मीटरवर तो ३ डेसिबलने बसला. आवाज थोडा कमी, पण रेष सपाट. तीच जागा पक्की केली.

जोडणीत विशेष काही नाही. ऑडिओ इंटरफेसमधून (कॉम्प्युटरचा आवाज बाहेर देणारा डबा) बॅलन्स्ड केबल सबमध्ये, सबच्या हायपास आउटपुटमधून (खालचे सूर गाळून उरलेले देणारं) मॉनिटरमध्ये. क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि मॉनिटर यांच्यातली वाटणीची सीमा, ८० हर्ट्झ, उतार सप्तकामागे २४ डेसिबल. घरघर आली तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन काढू नका.

खरा वेळ खाल्ला फेजने, म्हणजे दोघांच्या लाटा एका वेळी जुळवण्याने. ८० हर्ट्झला सब आणि मॉनिटर दोघेही वाजत असतात. एकाची लाट दुसऱ्यापेक्षा ६.२५ मिलिसेकंद मागे पडली की बरोबर उलटी होते आणि दोघे मिळून एकमेकांना खातात. अशा वेळी सबचा आवाज वाढवला जातो. मग किक पोकळच राहते, खालचा बेस तेवढा दणदणतो. कानाने जुळवण्यात अर्थ नाही. सबची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) मुद्दाम उलटी केली, दोन्ही वाजवून स्वीप घेतला आणि ८० वरचा खड्डा सर्वांत खोल होईपर्यंत विलंब बदलत गेलो. सबमधल्या डीएसपीमुळे (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) तोच उशिरा बोलत होता, म्हणून सबच्या मेन्यूतून मॉनिटरना विलंब द्यावा लागला: ३.२ मिलिसेकंद. खड्डा २२ डेसिबलचा झाला. मग पोलॅरिटी सरळ केली आणि ८० ला रेष भरून आली.

पातळी सगळ्यात शेवटी. मॉनिटरवर पिंक नॉइज (चाचणीचा सततचा खळखळाट) लावून खुर्चीत ७६ डेसिबल, मीटरच्या सी वेटिंगवर (खालचे सूरही मोजणारी सेटिंग). सब त्याला जुळवून घेतला, नंतर आणखी २ डेसिबल उतरवला. नवा सब पहिल्या आठवड्यात नेहमीच कमी वाटतो, कारण कान फुगीर बेसला सरावलेले असतात. ४१ चा उरलेला उंचवटा ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणारा फिल्टर) ४ डेसिबल कापला. खड्ड्यात मात्र ईक्यूने भर घालू नये: जेवढं ओताल तेवढंच परतणारी लाट खाते, आणि अँप्लिफायर उगाच राबतो.

असा एक खड्डा १७० हर्ट्झला उरला होता. त्याचा सबशी संबंधच नाही. मॉनिटरचा पडदा (स्पीकरचा हलणारा शंकू) समोरच्या भिंतीपासून ५० सेंटीमीटर, मागून परतणारी लाट नेमकी तिथे उलटी येते. मॉनिटर २५ सेंटीमीटरवर नेले, खड्डा ३४० च्या आसपास सरकला आणि मागे लावलेल्या १० सेंटीमीटर जाड रॉकवूलने (आवाज शोषणारं दगडी लोकरीचं पॅनेल) तो बराच भरला. हे फेजच्या आधी करायला हवं होतं. मॉनिटर मागे गेल्यावर सगळी जुळणी पुन्हा केली, विलंब ३.२ वरून २.५ वर आला.