काकडी घे, बाळ दे

नवसाचा आपला शिरस्ता म्हणजे आधी काम, मग मोबदला. मूल झालं की पाळणा बांधू, नोकरी लागली की तोरण चढवू. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीची सांत आना मात्र आगाऊ घेते, आणि घेते काय, तर काकडी.

पिलारजवळचं हे गाव. संतिणीवरून त्यालाही सांताना म्हणतात. जुलैच्या अखेरीस, ऐन पावसात, तिचं फेस्त असतं; लोकांच्या तोंडी ते ‘तवशांचें फेस्त’, म्हणजे काकड्यांचा सण. मूल हवं असलेली जोडपी तवसं वाहतात. लग्नाळू मुलगा चमचा वाहतो, लग्नाळू मुलगी उडीद.

सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. बायबलात तिचं नावही नाही. दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात तिची कथा येते: आना आणि योआकिम या निपुत्रिक जोडप्याला उतारवयात मुलगी झाली. तेव्हा मूल मागायचं ते हिच्याकडेच, हे ओघानं आलं. कॅथलिक पंचांगात तिचा सण २६ जुलैला. त्या दिवसांत गोव्यात दुसरं काय पिकणार? मळ्यामळ्यांत तवशांचे वेल लगडलेले असतात. शिवाय फळ बियांनी गच्च भरलेलं. सुफलतेचं प्रतीक म्हणून मोकळं व्हायला अभ्यासकांना एवढं पुरतं.

पण मग चमचा? चमच्यात कसली आलीय सुफलता?

खरी गंमत जुन्या पोर्तुगीज मागण्यांत आहे. बाई, ‘पेपीनु’ घे नि ‘मनीनु’ दे. म्हणजे काकडी घे, बाळ दे. ‘कुल्येर’ घे, ‘मुल्येर’ दे. चमचा घे, बायको दे. मुलींची पंचाईत झाली असावी, कारण नवरा म्हणजे ‘मारीदु’, आणि त्याला जुळणारं काही स्वयंपाकघरात मिळेना. मग आपल्या उडदालाच ‘उरीदु’ करून ओळीत बसवलं. वाहायच्या वस्तू श्रद्धेनं ठरवल्या की यमकानं? माझं मत यमकाच्या बाजूनं. आल्बुकेर्कनं १५१० मध्ये तिसवाडी घेतली, १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. त्यांची भाषा आता घरोघरी उरलेली नाही, पण चमचे येतच राहिले. एवढ्या चमच्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

चर्चचीही एक आख्यायिका आहे. डोक्यावर टोपी आणि हातात काठी घेतलेली एक म्हातारी टेकडीवरून उतरताना दिसली आणि म्हणाली, मी इथेच राहणार. मग तिच्यासाठी घर बांधलं ते असं: पाच मजली पांढरंशुभ्र दर्शनी अंग, दोन्ही बाजूंना मनोरे. १६९५ मध्ये ते पुरं झालं. एवढ्याशा गावाला एवढं चर्च कशाला, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतंच. मला ती टोपीवाली म्हातारी त्या भव्य भिंतींपेक्षा जास्त जवळची वाटते. दर्शन म्हटलं की तेजोवलय आलं, प्रभामंडळ आलं. ही मात्र सरळ जागा बघायला आली होती.

फेस्ताला हिंदू जोडपीही येतात. नवस बोलताना धर्म कोण बघतो! बाहेर छत्र्यांखाली तवशांचे ढीग लावून बायका बसलेल्या असतात. एकदा माझ्यापुढे एक नवी नवरी उभी होती. बाजारातल्या सवयीनं एकेक काकडी दाबून बघत तिनं विचारलं, “कोवळी आहेत ना? बी नको हं फार.”

विकणारीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “खावपाक व्हरता, काय सांत आनाक?”

नवरा छत्रीआड हसायला लागला, आणि त्या बाईनं ढिगातलं सगळ्यात जून, पिवळं पडलेलं तवसं काढून त्यांच्या पिशवीत टाकलं.