नऊच्या गोळ्या

दोन वर्षं मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होतो. त्या काळात भेटेल तो एकच सांगायचा, "एकदा किडनी बसली की सुटलात." डायलिसिसपासून सुटलो, हे खरं. पुढे काय काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. आम्ही माना डोलावल्या आणि तारीख कधी मिळणार ते विचारलं.

मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. किडनी हिनेच दिली. माझा रक्तगट बी, हिचा ओ, क्रॉसमॅच, म्हणजे माझं रक्त हिच्या पेशींवर उलटतं का ही तपासणी, निगेटिव्ह आली, उलटत नव्हतं. नवरा-बायको कायद्याने जवळचे नातेवाईक, तरी लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, लग्नातले पिवळे पडलेले फोटो, सगळं गोळा करावं लागलं. देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्यायची असा नियमच आहे. मला बाहेर बसवलं आणि हिला एकटीला आत नेऊन, व्हिडिओ चालू ठेवून विचारलं, कुणी दबाव आणत नाही ना म्हणून. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस? "खरं ते सांगितलं," म्हणाली. खरं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात ऑपरेशन झालं. हिची डावी किडनी माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवली. माझ्या दोन्ही जागच्या जागी आहेत, त्या काढत नाहीत. हे सांगितलं की लोक चकित होतात. म्हणजे दोघांत मिळून किडन्या चारच, फक्त वाटणी तीन-एक अशी झाली.

पाचव्या दिवशी हिला सोडलं, मला बाराव्या. हॉस्पिटलजवळ वन बीएचके भाड्याने घेतला होता. सासूबाई स्वयंपाकाला आल्या. मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर, तो कराडला दादा-वहिनींकडे. त्याचा पहिला पेपर कसा गेला ते आम्ही फोनवर ऐकलं आणि फोन ठेवल्यावर ही भिंतीकडे तोंड करून झोपली.

घराचं सगळं वेळापत्रक नऊला बांधलं गेलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, टॅक्रोलिमस, सकाळी नऊ, रात्री नऊ. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं. रक्तातली तिची लेव्हल तपासायची असेल तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, म्हणून त्या दिवशी गोळीची पट्टी खिशात घालून लॅबमध्ये जायचं. एकदा विसरून घरीच गोळी घेतली आणि तपासणी वाया गेली. सोबत त्याच कामासाठी मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड.

स्टेरॉइडने चेहरा भाकरीसारखा फुगला, झोप गेली, आणि भूक अशी की रात्री दोनला उठून मी डबे उघडायचो. साखर चढली, इन्सुलिन सुरू झालं. राग तर विचारू नका. सासूबाईंनी एकदा वरणात मीठ जरा कमी घातलं, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून, तर मी ताट सरकवून उठलो. सत्तरीच्या बाई, लेकीचं पोट कापलेलं, जावयाचं कापलेलं, दोघांचं करतायत. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटात मीठ वेगळं वाढून ठेवलं होतं.

टॅक्रोलिमसने हात थरथरायचे. बँकेतून माझा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बावीस वर्षं काउंटरवर बसून मी कितीतरी म्हाताऱ्यांच्या स्लिपा याच कारणाने परत केल्या असतील. आता मी वहीच्या पानावर माझीच सही गिरवत बसलो होतो.

मे महिन्यात बारीक ताप आणि जुलाब सुरू झाले. तपासणीत सीएमव्ही निघाला. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात निपचित पडलेला असतो, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली की डोकं वर काढतो. त्याच्या गोळ्यांचं बिल पाहून दादाने फोनवर नुसतं "हं" केलं. हिच्या पाटल्या त्याच महिन्यात गेल्या.

जूनमध्ये कराडला परतलो आणि खरी अडचण घरात निघाली. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि काळी बुरशी धरते. लहानपणापासून पाहतोय, कधी काही वाटलं नाही. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, इथे राहायचं नाही. फुप्फुसात बुरशीचा संसर्ग झाला तर माझ्यासारख्याला तो जिवावर बेततो. मग दादाच्या बाजूची पुढची खोली आम्हाला आणि मागची त्यांना, अशी अदलाबदल झाली. वहिनींचं शिलाई मशीन माडीवर गेलं. त्यावरून जे धुसफुसलं ते अजून पूर्ण विझलेलं नाही, आणि मला वहिनींचा दोषही वाटत नाही. त्यांच्या मुलांनी त्या ओलीत का झोपावं?

आईचं वेगळंच. भेटायला येणाऱ्यांना दारात हात धुवायला लावायचे, मास्क द्यायचा, हे तिला अपमानासारखं वाटे. सत्यनारायणाचं तीर्थ मी घेतलं नाही. कच्चं दूध, दही, घरोघरचे हात लागलेले. "देवाचं बाधत नाही," म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी हिने तोडगा काढला. माझ्यापुरतं दूध उकळून गार करायचं, त्यात साखर आणि तुळशीचं धुतलेलं पान घालून आईनेच ते देवापुढे ठेवायचं. आईला पटलं. डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये खोकला झाला. पुण्याला फोन करायचा सोडून मी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. किडनीचं सांगितलं, गोळ्यांची यादी मात्र दाखवली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, पाच दिवसांचं. चौथ्या दिवशी कप हातात धरवेना. चहा बशीत, बशीतला मांडीवर. लघवी कमी झालेली. रात्रीच गाडी करून पुणे गाठलं. टॅक्रोलिमसची लेव्हल आठ-दहाच्या आत हवी, ती एकवीस. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, १.३ वरून २.१.

तेव्हा कळलं की काही अँटिबायोटिक्स टॅक्रोलिमसचा शरीरात होणारा निचरा अडवतात, ते रक्तात साठत जातं आणि ज्या किडनीला वाचवायचं तिलाच मारतं. काही औषधं उलट लेव्हल पाडतात, टीबीचं रिफाम्पिसिन त्यातलंच. पपनसही खायचं नाही. गंमत अशी की लेव्हल वाढवणारी एक साधी बीपीची गोळी काही पेशंटना मुद्दाम देतात, महागडी गोळी कमी लागावी म्हणून. तेच हिशेबात केलं तर पैसे वाचतात, बेहिशेबी झालं तर किडनी जाते. दोन दिवस टॅक्रोलिमस बंद ठेवलं, सलाइन लावलं. दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.४ वर आलं आणि तिथेच थांबलं. तेव्हापासून गोळ्यांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशातल्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे.

त्या ॲडमिटच्या वेळी एका सिस्टरनी सहज विचारलं, "डोनरचं फॉलोअप कधी झालं?" मी हिच्याकडे पाहिलं, ही खिडकीबाहेर. सहा महिन्यांची तपासणी झालीच नव्हती.

घरी येऊन हिची फाइल शोधली. माझ्या गोळ्यांना फडताळात स्वतंत्र फळी, वर चार्ट, पेन दोरीने बांधलेलं. हिची फाइल ट्रंकेत साड्यांच्या खाली निघाली. शेवटचा कागद डिस्चार्जचा. त्यात लिहिलेलं, तीन महिने जड उचलू नये. आणि पाचव्या आठवड्यात, पुण्याच्या फ्लॅटवर पाणी गेलं तेव्हा, टँकरवरून दुसऱ्या मजल्यावर बादल्या हिनेच आणल्या होत्या. मी कॉटवर होतो. मला तेव्हा दिसत होतं, फक्त कान माझे माझ्या पोटातल्या किडनीकडे लागलेले.

आठवड्याभरात दोघंही लॅबमध्ये गेलो. हिचं बीपी १४६, त्याला आता एक गोळी चालू आहे, तीही सकाळी नऊलाच. किडनी ठणठणीत, क्रिएटिनिन ०.९. रिक्षात रिपोर्ट वाचून मी म्हटलं, "चांगली स्वतःला ठेवलीस आणि मला दुसरी दिलीस."

"दोन्ही सारख्याच होत्या," ही म्हणाली. "तुम्हाला वापरता येत नाही."