जाळ थांबीव!

स्मरणिका समितीने मला विषय सुचवला होता, 'शाळेने मला काय दिले'. असल्या विषयाचं असं होतं की पेन पहिल्याच ओळीत साष्टांग नमस्कार घालतं आणि मग उठायचं नाव घेत नाही. म्हणून मी समितीला म्हटलं, मी माझ्या धंद्याबद्दल लिहीन, शाळा त्यात आपोआप येईल. 1981 ते 2018, सदतीस वर्षं मी कंट्रोल इंजिनिअरिंग, यंत्राचा वेग, पातळी, उष्णता आपोआप मापात ठेवायचं शास्त्र, शिकवलं. म्हणजे काय करते, हे गावातल्या लग्नांत मला अजून विचारतात. भावकीतल्या एका आजींची शेवटपर्यंत समजूत होती की मी टीव्हीचे रिमोट दुरुस्त करते.

माझी 1974 ची जुनी अकरावी. त्या काळी आपल्या शाळेत प्रयोगशाळा म्हणून जी खोली होती तिच्यात दोन कपाटं, एक चंचुपात्र आणि भिंतीवर वाफेच्या इंजिनाचा तक्ता होता. तक्त्याचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. इंजिनाच्या वर दोन गोळे काढले होते. आमच्या वर्गातल्या पोरांनी त्यांना बरीच नावं ठेवली होती, ती स्मरणिकेत लिहिण्यासारखी नाहीत. हे गोळे कशाला, असं मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. दुसऱ्या दिवशी सर धोतराच्या सोग्यात दोन लिंबं घेऊन आले. सायकलच्या जुन्या तारेला दोन बाजूंनी सुतळीने ती टांगली आणि तार दोन्ही तळहातांत धरून ताक घुसळावं तशी फिरवली. लिंबं बाहेर फेकली गेली, वर उचलली. सरांनी आणखी जोर लावला तसं एक सुटलं आणि फळ्यावर फटकन फुटलं.

फळा पुसता पुसता सरांनी समजावलं. इंजिन जोरात पळालं की गोळे वर चढतात आणि त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप मिटतो. वेग उतरला की गोळे खाली, झडप पुन्हा उघडी. पवनचक्क्यांत आधीपासून असलेली ही युक्ती जेम्स वॉटने 1788 च्या सुमारास इंजिनाला लावली. "इंजिनच इंजिनाचा कान धरतं," सर म्हणाले. मी विचारलं, गोळ्यांनी झडप गरजेपेक्षा जास्त मिटली तर? इंजिन मंदावेल, मग जास्त उघडेल, मग पुन्हा जास्त मिटेल; हे थांबणार कधी? सर खडू हातात घेऊन बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तसं होत असणार. पण कधी होतं आणि कधी नाही, हे मला येत नाही. तुला कळलं तर मला सांग." भर वर्गात 'मला येत नाही' म्हणणारे मास्तर त्याआधी मी पाहिले नव्हते. नंतरही फार पाहिले नाहीत. मी स्वतःसुद्धा ते वाक्य म्हणायला पन्नाशी ओलांडली.

आमच्या आबांना ओळखणारे वाचक अजून असतील. ते गुळव्या होते. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की शाळा सुटल्यावर मी तिकडेच. काहिलीत रस रटरटतोय, वर भेंडीचा चीक टाकून मळी काढलेली, खाली चुलवाणात एक माणूस चिपाडं सारतोय. आबा काठाशी उभे राहून लाकडी फावड्याला चिकटलेला पाक बोटांनी ओढून बघत, थेंब थंड पाण्यात टाकत, त्याची गोळी होते का पाहत. गंमत ही की गोळी पुरती जमायच्या आतच ते ओरडत, "जाळ थांबीव रंऽऽ!" मला वाटायचं, चुकलं यांचं. पण चिपाडं बंद केली तरी चुलवाणाच्या विटा तापलेल्याच, काहीलही तापलेली. पाक पुढे चढतच राहायचा आणि काहील उतरून वाफ्यात ओतेपर्यंत बरोबर जागेवर यायचा. जो गुळव्या पाक झालेला बघून ओरडेल त्याचा गूळ करपलाच म्हणून समजा.

माझ्या धंद्यात याला डेड टाइम म्हणतात. आपण हात आत्ता हलवतो, परिणाम मागाहून दिसतो.

इंजिनिअरिंगला गेले ती इलेक्ट्रिकलला. लेक्चररची नोकरी लागली आणि पहिली सात वर्षं ज्यात गेली त्याला शैक्षणिक कारकीर्द म्हणणं जरा धाडसाचं आहे: विद्यापीठाचे पेपर तपासणं, टेंडरच्या फायली आणि डेड स्टॉक रजिस्टर. एका ऑसिलोस्कोपची एक वायर सापडत नव्हती म्हणून मी तीन शैक्षणिक वर्षं खुलासे लिहिले आहेत. 1988 मध्ये क्यूआयपीतून पीएचडीसाठी पवईला आयआयटीत जायला मिळालं. ही केंद्र सरकारची योजना; कॉलेजातल्या शिक्षकांना पगार चालू ठेवून शिकू देणारी. मुलगी चार वर्षांची होती, ती सासूबाईंकडे ठेवली. यावर गावात जे बोललं गेलं ते बोलणाऱ्यांनी आता विसरावं, मी विसरले आहे. जवळजवळ.

पवईत मला माझे दूरचे गुरू भेटले. दूरचे म्हणजे खरंच दूरचे, स्वीडनमधले. कार्ल योहान ओस्ट्रोम. (आमच्या कॉलेजात आम्ही पुस्तकावरचं नाव 'अ‍ॅस्ट्रॉम' असं वाचत होतो; ते 'ओस्ट्रोम' आहे हे पवईत कळलं.) प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, पण प्राध्यापकाची कारकीर्द कशी असावी याचा नमुना मी त्यांच्यावरूनच घेतला. 1934 चा जन्म, स्टॉकहोमला शिक्षण, मग आयबीएममध्ये नोकरी, आणि आयबीएमच्याच कामासाठी बिलेरूडच्या कागद कारखान्यात. कागदाच्या यंत्रात एका टोकाला लगद्याची झडप आणि दुसऱ्या टोकाला, कागद वाळून बाहेर पडतो तिथे, त्याचं वजन मोजणारं यंत्र. मध्ये काही मिनिटं जातात. झडप फिरवल्याचा परिणाम दिसेपर्यंत बराच कागद गुंडाळून झालेला असतो. थोडक्यात, चुलवाण आणि काहील.

ओस्ट्रोमनी तिथे कॉम्प्युटर लावून कागदाच्या वजनाची चढउतार कमीत कमी कशी करायची याचं गणित मांडलं. त्या गणितातली एक गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे. परिणाम दिसायला जेवढा उशीर लागतो, तेवढ्या काळापुढचा अंदाज बांधताना जी चूक होते, तेवढी चूक शेवटी उरतेच. कंट्रोलर, म्हणजे झडप फिरवणारी यंत्रणा, कितीही हुशार असो, त्याखाली जाता येत नाही. अंदाज जितका पक्का, तितकं नियंत्रण पक्कं. त्यापलीकडे कसब नाही. मुलांना हे आवडायचं नाही. त्यांना काल्मन फिल्टर, गढूळ मोजमापांतून खरी स्थिती ताडणारं गणित, हवा असायचा, कारण तो अपोलो यानात होता. कारखान्यात नोकरीला लागल्यावर तीच मुलं फोन करून विचारायची, मॅडम, पीआयडी कसा सेट करायचा? (पीआयडी हा कारखान्यातला रोजचा साधा कंट्रोलर; त्याबद्दल पुढे.)

1965 मध्ये, तिशीतच, ओस्ट्रोम स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तिथला ऑटोमॅटिक कंट्रोल विभाग त्यांनी उभा केला. 1973 मध्ये व्हिटेनमार्क यांच्याबरोबर, स्वतःचे आकडे स्वतःच जुळवून घेणाऱ्या कंट्रोलरवरचा त्यांचा लेख आला. 1993 मध्ये आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचं मेडल ऑफ ऑनर. पण मला वेड लावलं ते 1984 च्या एका लेखाने. हेग्लुंड यांच्याबरोबर लिहिलेला, साध्या पीआयडीवरचा. पीआयडी म्हणजे तीन गोष्टींवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर: आत्ताची चूक, आजवर साचलेली चूक आणि चूक किती झपाट्याने बदलतेय ती चाल. या तिघींना किती मान द्यायचा याचे तीन आकडे असतात. ते ठरवायची झिग्लर आणि निकल्स यांची 1942 ची एक रीत अशी की जोर वाढवत वाढवत यंत्रणा झोके घेऊ लागेपर्यंत न्यायची आणि तिथे मोजमाप करायचं. चालत्या कारखान्यात हे करायला गेलात तर शिफ्ट इंजिनिअर तुमचा हात धरेल. ओस्ट्रोम आणि हेग्लुंड म्हणाले, कंट्रोलर थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी साधा चालू-बंद रिले लावा. झडप थोडी उघडेल, तेवढीच मिटेल, यंत्रणा आपोआप लहानसे, मापात राहणारे झोके घेईल. झोका किती मोठा आणि किती वेळाचा एवढं मोजा, आकडे निघाले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी 1984 साल का उजाडावं लागलं, याचं मला अजून नवल वाटतं.

डेड टाइम फार मोठा असेल तेव्हा या रिलेच्या पद्धतीचं काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. आबांना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मला येत हुतं त्येच की." नवीन काय आहे ते मी त्यांना पटवू शकले नाही. परीक्षकांना पटलं.

1994 च्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याने बॉयलरच्या ड्रममधल्या, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होतात त्या टाकीतल्या, पाण्याची पातळी ऑटोवर घेण्यासाठी मला बोलावलं. नवी डॉक्टरेट डोक्यात गेलेली. वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात कमी होत असताना पातळी मात्र वर चढलेली दिसते. पुस्तकात हे मी वाचलं होतं, शिकवलंही होतं. तरी रिले लावताना फक्त पातळीकडे पाहिलं. शेजारी उभा असलेला बॉयलर अटेंडंट दोनदा म्हणाला, "मॅडम, हे वाढलेलं पाणी खोटं हाय." मी त्याला ग्राफ दाखवला. इकडे मिलने वाफ ओढली, पातळी वर गेली, माझ्या रिलेने पाण्याची झडप मिटली आणि थोड्याच वेळात बुडबुडे बसल्यावर पातळी धाडकन खाली. लो लेव्हल ट्रिप, म्हणजे पाणी फार कमी झालं की आपोआप होणारं बंद. बॉयलर बंद, मिल बंद. अडीच तास गेटबाहेर उसाच्या गाड्या थटून उभ्या होत्या आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा मला आत कंट्रोल रूमपर्यंत ऐकू येत होत्या.

तो अटेंडंट हाताने चालवायचा तेव्हा पातळीइतकंच वाफेच्या काट्याकडे बघायचा. नंतर आम्ही तेच केलं: पातळी, वाफ आणि येणारं पाणी, तिन्ही मोजून. 2000 मध्ये ओस्ट्रोम आणि बेल यांचा ड्रम बॉयलरवरचा लेख हाती आला. कितीतरी वर्षं ते या एका ड्रमचा पाठपुरावा करत होते; बुडबुड्यांची सगळी भानगड त्यांनी मोजक्या समीकरणांत बसवली आहे. पुढे वर्गात तो लेख शिकवताना मी 'खोटं पाणी' हाच शब्द वापरायची. परीक्षेत दोघा-तिघांनी इंग्रजी उत्तरात तो देवनागरीत लिहिला होता. मी मार्क दिले.

सरांना द्यायचं उत्तर राहिलंच. ते मला पवईच्या लायब्ररीत सापडलं. वॉटच्या गोळ्यांसारख्या, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रांवर मॅक्सवेलने 1868 मध्ये लेख लिहिला आहे. विजेचा मॅक्सवेल तोच. झोके विरत जाणार की वाढत जाणार, हे इंजिनाच्या आणि गोळ्यांच्या घडणीतल्या आकड्यांवरून आधीच सांगता येतं, हे त्याने समीकरणांनी दाखवलं. मी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर बारीक अक्षरात सगळं मांडून सरांना पाठवलं. आठवड्याने माझंच कार्ड पाकिटातून परत आलं. लाल शाईने चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, 'फीडबॅक' खोडून वर 'उलट निरोप' लिहिलं होतं आणि खाली एक ओळ: 'समीकरण समजले नाही. सुट्टीत आल्यावर फळ्यावर दाखव.' मे महिन्यात गेले. शाळा बंद होती, शिपाईमामांकडून किल्ली आणली. दीड तास लागला. मधे दोनदा सरांनी मला मागे नेलं, तिसऱ्यांदा मान हलवली.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीला आले होते. तक्ता आता नाही. त्या खोलीत कॉम्प्युटर आहेत. मुलींच्या नव्या इमारतीवर पाण्याची मोठी टाकी बसवली आहे आणि आमची बैठक चालू असताना ती पाऊण तास ओसंडत होती. मोटर बंद करायची आठवण मामांना पायऱ्यांवरून पाणी आल्यावर होते. दुसऱ्याच दिवशी उद्यमनगरातून फ्लोट स्विच, पाणी वर आलं की मोटर बंद आणि खाली गेलं की चालू करणारा, आणून बसवून घेतला. मुख्याध्यापकांना एकच विनंती. टाकीत दोरीला दोन गोळे लोंबताहेत, त्यांच्यात मी मुद्दाम दीड हात अंतर ठेवलं आहे. टाकी लवकर भरायला घेत नाही म्हणून कुणीतरी ते कमी करायला जाईल. करू देऊ नका. मोटर मिनिटामिनिटाला चालू-बंद होईल आणि स्टार्टर जळेल.